तेरणाचा जुना पत्ता

१ ऑक्टोबर, बुधवार. उमरगा.
खंडेनवमी. दवाखान्यातले कॉम्प्युटर मी सांभाळते; आज सगळ्या मशीन पुसल्या. केबली काढून हळदकुंकू, झेंडू. व्यवस्थापक बापूरावकाकांनी राऊटरच्या मागच्या भोकात उदबत्तीची काडी घातली. "हितं लई घाण साठती." म्हटलं, काका, आत कळ आहे, दाबली की राऊटर सगळं विसरतो. "पूजेत मधी बोलू नगं."

३ ऑक्टो., शुक्र.
काल सुट्टी. आज एकाही काउंटरवर पेशंटची माहिती उघडेना. नोंदी कागदावर. फक्त माझ्या मशीनवर उघडते.
काका, सगळ्यांसमोर: "समद्यांचं बंद अन् तुझंच चालू? आमी काय खुळे हाव व्हय?"

४ ऑक्टो., शनि.
कारण मला कालच कळलं होतं. आज तपासून खात्री केली. माहिती ज्या सर्व्हरवर आहे त्याचं नाव तेरणा. विसरलेल्या राऊटरनं त्याला नवा पत्ता दिला. आमच्या मशीन चालवणारं लिनक्स कुठलंही नाव आधी स्वतःच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे नाव-पत्त्यांच्या यादीत शोधतं. तिथं सापडलं की नेटवर्कला विचारत नाही. तिथं जुना पत्ता. माझ्या आधी इथं काकांचा भाचा होता, त्यानं प्रत्येक मशीनवर हातानं लिहिलेला. माझ्या मशीनवरची ती ओळ मी नोकरीवर आल्या आल्या काढली. बाकीच्या काढू का, काकांना विचारलं होतं. "भाच्यानं बसवलंय. हात लावायचा न्हाय."
संध्याकाळी काकांनी माझ्या टेबलावर कोरा कागद ठेवला. "चूक झाली म्हणून लिहून दे. न्हाय तर सोमवारी डॉक्टरांला सांगून तुझ्या जागी भाच्याला बोलावतो."
झाली असती तर लिहिली असती.

५ ऑक्टो., रवि.
डॉक्टर बाहेरगावी. फोन केला. "पेशंट अडू देऊ नकोस. बाकीचं उद्या ऐकतो."
काउंटरच्या सगळ्या मशीनवरची ती ओळ काढली. काउंटरवरच्या शकूताई: "उघडलं की गं बाई! आता माफी कुणी मागायची, उदबत्तीनं?" काका हसले नाहीत. थोड्या वेळानं, हळूच: "माझंबी करून टाक की."
"डॉक्टरांसमोर करते."
"आगं, घरातली गोष्ट..."
"ओळ कुणाची, काडी कुणाची, ते त्यांना बघू दे."
ओळ काढायला लागणारा पासवर्ड त्यांच्याकडे नाही. त्यांची मशीन तेरणाला अजून जुन्या पत्त्यावर हाका मारतेय. भाचा उद्या येतोय म्हणे, बोलावणं गेलंय. येऊ दे.
कागद तसाच कोरा आहे. त्यावर ठेवलेलं पेन माझं होतं, ते घरी आणलं.