काकांच्या दारावरून

आबा, आज तुमच्या तसबिरीला हार घातला नाही. राहून गेला म्हणावं तर तसंही नाही. आई सकाळपासून मागं लागलीय, मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. लोक अजून सांगतात, तुझा बाप म्हणजे शब्दाचा पक्का माणूस. तो पक्केपणाच मला आज तुमच्यापुढं काढायचाय.

मी काय काम करते ते तुम्हाला कधी कळलं नाही. "पोरगी बँकेत हाय," एवढंच सांगत सुटायचात. बँकेत नाही, आबा. लोक मोबाइलवरून पैसे देतात ना, ते कोणत्या वाटेनं जायचे हे आमचं सॉफ्टवेअर ठरवतं. दवाखान्याच्या काउंटरवर एखादी बाई मोबाइल धरून उभी असते, आत तिचं माणूस असतं, आणि नेमकी त्या बँकेची लाइन बसलेली असते. आमचं सॉफ्टवेअर तिला परत पाठवत नाही. दुसऱ्या बँकेच्या दारातून नेतं, ती अडली तर तिसऱ्या. बँकांचं आपसात कितीही वाकडं असो, बाईचं काम झालंच पाहिजे, हा नियम मी लिहिलाय. लिहिताना डोळ्यांपुढं तुमचा टँकर होता.

दुष्काळाचं साल. हर्सूलकडं शेतं मोडून नव्या वस्त्या उठत होत्या, आणि नळ कुठंच नव्हता. तुम्ही टँकरवर होतात, कुठल्या गल्लीत पाइप सोडायचा ते तुम्हीच सांगायचात. शाळेला सुट्टी, म्हणून मी केबिनमध्ये तुमच्या शेजारी बसलेय. आई घरी, दिवस भरत आलेले, रांजण कोरडा. आपल्या वळणावर येतो तर रस्ता खोदून ठेवलेला. ड्रायव्हर म्हणतो, "आबा, तुमच्या भावाच्या दारावरून घेऊ की. नवा मुरूम टाकलाय, गाडी आरामात जाती." काकांनी शेतातला त्यांचा वाटा प्लॉटिंगवाल्याला विकला, तेव्हापासून तुमची बोलचाल बंद; त्यांच्या दारचं पाणीसुद्धा घेणार नाही, हा तुमचा शब्द. तुम्ही समोर बघत म्हणता, "त्याच्या दारावरून पाणी न्यायचं नाय. फिरव गाडी."

"वहिनी वाट बघत असतील ओ."

"फिरव म्हणलं ना!"

मी म्हणाले, "आबा, आईला पाणी?" तुम्ही असं बघितलंत की मी खिडकीशी सरकले. आणि आपल्या वाटणीचं पाणी तुम्ही भलत्याच कॉलनीत ओतून आलात.

संध्याकाळी आई हंडा घेऊन खदानीत उतरली. पाय घसरला. माझा भाऊ जन्मला, पण रडलाच नाही. दवाखान्यात तुम्ही आईच्या उशाशी बसून म्हणालात, "रस्ता खोदला होता गं. दुसरी वाटच नव्हती." मी दारात उभी होते. इतकं सरळ तोंड करून खोटं बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि तेव्हाच ठरवलं, याचं उट्टं काढायचं.

काढलं. तुमच्या शेवटच्या आजारपणात. तुमची वाचा गेली होती, कळत मात्र सगळं होतं. मी काकांच्या दारात गेले. म्हटलं, "काका, तुमच्या बोअरचं पाणी तांब्यात घ्या आणि चला." ते काही न विचारता उठले. त्यांना बघून तुम्ही तोंड फिरवलंत. मी तुमच्या कानाशी वाकले आणि सांगितलं, "पाणी काकांच्या बोअरचं आहे, आबा. त्यांच्याच दारावरून आणलंय." काकांनी चमचा ओठांना लावला. मला वाटलं, तुम्ही दात आवळाल. शब्दाचा पक्का माणूस! तुम्ही प्यालात. आणि पुन्हा तोंड उघडलंत.

वाटलं होतं, जिवाला थंडावा मिळेल. कसलं काय, अंगाची आग आग झाली. एवढं सोपं होतं तर! स्वतःच्या घशासाठी मोडलात शब्द, मग आईसाठी का नाही मोडलात? हे विचारायला वाकले, तोवर तुम्ही डोळे मिटले होते.

आता हे पत्र टाकू कुठं? तुमच्यापर्यंत जाणारी लाइन काही मी बांधलेली नाही. खणात पडून राहील.

बाहेर आईनं शेवटी स्टुलावर चढून हार घातलाच. त्या दिवसाचा विषय तिच्याकडून आजही निघतोच. "वाटच नव्हती गं," ती म्हणते, "नाहीतर ते पाणी आणल्याबिगर ऱ्हायले असते व्हय?"

मी दर वेळी "व्हय आई" म्हणते. तुमच्यासाठी नाही, आबा.