रबराचा चुरा

११ फेब्रुवारी, मंगळवार. लेकीच्या रोबोटची जबाबदारी आजपासून माझ्याकडे. तिने दिली नाही, मी घेतली. मोटर, दोन गिअर आणि चेंडू फेकणारं एक जड चाक, संपलं. शनिवारी स्पर्धा. जिंकली तर तिची थेट राष्ट्रीय फेरीसाठी निवड. तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला हा पोरखेळ.

१२ फेब्रुवारी. मोटर आणि चाक यांच्या जोडात रबर निघालं! खाली काळा चुरा पडतो. लेक म्हणते, रबर झिजतंय म्हणून गिअर शाबूत आहेत, धक्का ते खातं. झिजणाऱ्या वस्तूचं एवढं कौतुक. चार बुकं शिकली की असं होतं.

१२ फेब्रुवारी, दुपार. ती कॉलेजात. रबर काढून स्वतः घडवलेला पोलादी तुकडा ठोकला. चुरा बंद. तिला सांगितलं नाही. सरप्राइज.

१३ फेब्रुवारी, सकाळ. चाक वेग घ्यायला तीन सेकंद लावतं. लॅपटॉपवर तसं लिहिलंच आहे. तो आकडा शून्य केला. आता बटण दाबताच टेबल सरकतं. याला म्हणतात ताकद.

१३ फेब्रुवारी, दुपार. सुरू होताना 'टक्' असा आवाज. रुळेल. हिची तक्रार, स्वयंपाकघरात भांडी वाजतात. भांडी नीट रचत नाही, दुसरं काय!

१४ फेब्रुवारी, सकाळ. आता दोनदा टक्. ग्रीस भरलं. बोटाला चंदेरी भुकटी लागली. ग्रीस चंदेरी असणार. डबा उघडून पाहिला. पिवळं आहे.

१४ फेब्रुवारी, दुपार. टक् बंद! म्हटलं नव्हतं? चाक हाताने जरा डुलतं. मोकळं झालंय. लेकीने स्टूल नेमकं चाकासमोर मांडलंय. रबर ठीक आहे ना, असं तिने विचारलं. एकदम, म्हणालो.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ. बटण मीच दाबलं. चाक सुटलं. स्टुलाचा पाय तोडून भिंतीत घुसलं. स्टूल रिकामं होतं. बाबांनी किती मदत केली ते दाखवायला ती आईला बोलवायला उठली होती.

 

१५ फेब्रुवारी. गिअरला दातच उरले नाहीत. स्पर्धेतून नाव काढलं. तिच्या खणात तसल्याच रबराचे दहा तुकडे निघाले. झिजायलाच आणलेले.

२४ फेब्रुवारी. नवे गिअर बसले. माझ्याकडे झाडू दिलाय. टेबलाखाली काळा चुरा दिसला की तिला सांगायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. आज चिमूटभर पडला. मी धावत जाऊन सांगितलं.