रेम्बेर्तोचं कोपर

सांता ओलाया साखर कारखाना, मातान्सास
३ जून १९५३

चि. रेम्बेर्तो यास,
बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बेसबॉलचे नऊ सामने जिंकलास हे मी न्हाव्याच्या दुकानात तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा सुरुवात केली तर न्हावी म्हणाला की आता पुरे, एउस्ताकिओ, ऐकता ऐकता माझ्याकडून कुणाचा तरी कान कापला जाईल. शेवटच्या ओळी मात्र मी वाचल्या नाहीत. पाचव्या डावानंतर चेंडू फेकताना कोपरातून कळ जाते, दोन बोटं बधिर होतात आणि हे तिथे कुणालाच ठाऊक नाही, असं तू लिहिलंस. आईला सांगू नका म्हणालास, तर सांगितलं नाही. पण मी भात तसाच टाकून उठतो, त्यावरून तिने ओळखलं. ती म्हणते, कोंबडी अंड्यावर बसते तसा मी त्या पत्रावर बसलोय.

गळीत संपलं, भोंगा बंद झाला. आता दिवसभर काळजी करायला मोकळा आहे. तू तुमच्या मॅनेजरला दुखण्याचं सांग. माझा खांदा निखळला तेव्हा पाद्रीबाबांनी मालकांना चार ओळी लिहिल्या आणि मालकांनी मला ऊसतोडीवरून काढून फाटकावर बसवलं. मालकही माणूसच असतो. सांगितल्याशिवाय त्याला कळणार कसं?

मिठाच्या गरम पाण्याने शेकत जा. आमच्यावरची माया आहे तशी राहू दे.

तुझा बाबा,
एउस्ताकिओ सुलुएता


पाइन बेंड, कॅरोलिना
१६ जून १९५३

ती. बाबांना रेम्बेर्तोचा सा. न. वि. वि.

रोज शेकतो. सान्तियागोचा फाबेलो माझ्याच खोलीत असतो. तो बादलीत डोकावून विचारतो, रस्सा शिजला का. बाहेरगावच्या सामन्यांना गेलो की हॉटेलात आम्हा दोघा काळ्यांना बसू देत नाहीत. बाकीचे जेवून येईपर्यंत आम्ही बसमध्ये पाव खातो आणि तुमचं पत्र वाचून हसतो. रागावू नका.

मॅनेजरला सांगणं जमायचं नाही. इथे दुखतं म्हटलं की दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा हात आणतात. ऑगस्टमध्ये वरच्या संघाचा माणूस मला बघायला येतोय. मी सव्वीस वर्षांचा झालो, पुन्हा कुणी येणार नाही. तोवर कोपर टिकलं पाहिजे. बाबा, तुम्ही फक्त गप्प राहा. एवढं करा.

आईला नमस्कार. तुमचा हात माझ्या डोक्यावर असाच असू द्या.

तुमचा,
रेम्बेर्तो


सांता ओलाया
२८ जून १९५३

चि. रेम्बेर्तो यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. ते दहा दिवस आधी यायला हवं होतं.

तुझ्या पाकिटावर संघाचा पत्ता छापलेला असतो. अठरा तारखेला मी तुमच्या मालकांना पत्र घातलं. आपले औषधवाले डॉन आन्सेल्मो तांपाला वीस वर्षं होते, त्यांनी इंग्रजी करून यंत्रावर छापून दिलं. म्हणाले, तिकडचे लोक हातच्या अक्षरावर विश्वास ठेवत नाहीत. मी एवढंच लिहिलं की माझा मुलगा कष्टाळू आहे, तो स्वतः कधी तक्रार करणार नाही. त्याच्या कोपरात कळ येते, बोटं बधिर होतात, तरी महिनाभर विश्रांती द्यावी, मग तो तुमच्यासाठी दुप्पट खेळेल. मला ते चांगलं वाटलं रे. दोनदा वाचून घेतलं.

काल तुझं पत्र वाचल्याबरोबर पोस्टात धावलो. पोस्टमास्तर म्हणाला, मी काय कोळी आहे, की गेलेलं पत्र जाळं टाकून ओढून आणू? तुझी आई रात्री माझ्याशी बोलली नाही. सकाळी बोलली. त्यापेक्षा न बोललेलं बरं होतं.

कदाचित त्यांनी उघडलंही नसेल. मोठ्या माणसांकडे पत्रं फार येतात. उघडलं असलं तर कळव. नसलं तर आधी कळव.

तुझा बाबा


मायामी
१४ जुलै १९५३

ती. बाबांना सा. न. वि. वि.

उघडलं.

मालकांचा बर्फाचा कारखाना आहे, तिथल्या कचेरीत त्यांनी मला बोलावलं. बसायला खुर्ची दिली. त्या गावात मला कुणी खुर्ची दिली नव्हती. तुमचं पत्र त्यांनी मोठ्याने वाचलं, फाबेलोने मला अर्थ सांगितला. ते म्हणाले, असा बाप भाग्याने मिळतो. मलाही मुलगे आहेत, हे वाचल्यावर तुला मैदानावर पाठवणं माझ्याने होणार नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, बाबा, खोटं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझं नाव नव्हतं. बसचं तिकीट त्यांनीच काढून दिलं. इथे कुणाला फाटकावर बसवत नाहीत.

मी रागावलेलो नाही. तुम्ही माझं भलंच चिंतलंत, त्यामुळे रागावायलाही जागा नाही. समुद्रापलीकडच्या एका संघाला पिचर हवाय. त्यांनी फक्त विचारलं, सोमवारी फेकशील का. मी हो म्हणालो. गावाचं नाव लिहीत नाही. का, ते तुम्हाला कळेल.

आईला सांगा, जेवतो. तुम्हीही जेवा.

रेम्बेर्तो


सांता ओलाया
९ ऑगस्ट १९५३

रा. रा. फाबेलो यांस,
एउस्ताकिओ सुलुएताचा नमस्कार. वि. वि.

मी रेम्बेर्तोचा बाप. तुम्ही त्याच्या खोलीत राहत होता, तेव्हा तो तुम्हाला तरी लिहीत असेल. आम्हाला चार आठवड्यांत ओळ नाही. त्याच्या आईने विचारायला सांगितलंय, आणि मीही विचारतो. त्याला किती डाव खेळवतात? बोटांना जाण आहे का? शर्टाची बटणं त्याची तो लावतो का? तुम्हाला ठाऊक असेल तेवढं कळवा, थोडं असलं तरी चालेल. तुमच्या आईवडिलांना नमस्कार सांगा आणि आम्हाला परके समजू नका.

आपला,
एउस्ताकिओ

ता. क. तो कोणत्या गावी आहे ते मात्र कळवू नका. मी पुढच्या पत्रात विचारीन, तरी कळवू नका. गाव कळलं, तर मी तिथल्या मालकांना लिहीन.