नातीचा हलका हात

धाकट्या भावास थोरल्या ताईचे आशीर्वाद.

तुला एक थोरली बहीण आहे, हे आठवतंय ना? चष्मा माझ्याकडे विसरून गेलास त्याला तीन आठवडे झाले, तेव्हा हे पत्र तू कुणाकडून तरी वाचून घेत असशील. म्हणजे आपण दोघं आता सारखेच (मला लिहिता येत नाही, तुला वाचता येत नाही). गुडघा कसा आहे? माझे दोन्ही मजेत कुरकुरतात.

पत्र नात लिहितेय. उद्या-परवा तिच्या बोटांना मोठं काम आहे, म्हणून थोडक्यात सांगते (हे ऐकून ती हसली. हसू दे). शनिवारी ती तुमच्या वाद्यवृंदाबरोबर पियानो वाजवणार, हे तुला ठाऊकच आहे. ते संगीत पडलं विरहाचं, त्यामुळे आजवर सगळ्यांनी ते ऊर बडवल्यासारखं वाजवलं. आमची मात्र हलक्या हाताने वाजवते, पायाखालची दांडीसुद्धा जपून दाबते. एकेक सूर धुऊन ठेवलेल्या पेल्यासारखा वेगळा उभा राहतो. समोर उभं राहून तुम्हा सगळ्यांना हाकणारे ते छडीवाले साहेब म्हणाले, "बाई, हे वादळ आहे, तुम्ही पंख्याची झुळूक काय देताय? बुधवारच्या तालमीपर्यंत जोर आला नाही, तर दुसऱ्याला बसवीन." पोरीचं जेवणातलं लक्षच उडालं. मी म्हटलं, "अगं, प्रेमात पडलेलं माणूस काय दारं आपटत हिंडतं? चोरपावलांनीच जातं ते. तू तश्शीच वाजव."

बुधवारीही मी तालमीला जाऊन बसले. आणि नेमका तू यायचं विसरलास! तुझे नगारे झाकलेले. काय सांगू, तिचा शेवटचा पिसासारखा सूर पहिल्यांदाच मागच्या रांगेत माझ्यापर्यंत येऊन पोचला. साहेबांची छडी हवेतच राहिली. मग म्हणाले, "शनिवारी तुम्हीच. अगदी असंच." एकाएकी हे कसं जमलं, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही (माझ्या आलं, पण नात ते लिहायला तयार नाही).

ता. क. अक्षर बदललं म्हणून दचकू नकोस. नात सरावाला गेलीय. हे खालच्या शिंप्याकडून लिहून घेतेय. शनिवारी नगाऱ्यांवर हात हलका ठेव, बाबा. तुझ्या कागदावर जागोजागी 'हळू' लिहिलेलं असतं म्हणे. चष्मा पाकिटाच्या तळाशी आहे, तो लाव आणि या वयात तरी वाच. तेही जमत नसेल, तर पुन्हा यायचं विसर. ते तुला जमतंच.

दुसरा ता. क. मैफलीत मला तोंडात टाकायला काही पाठवशील, तर बिस्किटं नकोत, चावताना आवाज होतो. केळी पाठव, पिकलेली.