सुमेधाच्या पायातली गुठळी

महाड,
ता. १४ सप्टेंबर १९३७

चि. अवधूत यास दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. सावित्री नदीचं पाणी उतरलं, दवाखान्यात हिवतापाचे रोगी वाढले. सुमेधा आता काठीशिवाय चालते, बाळानेही अंग धरलंय. पुढल्या आठवड्यात ती दासगावला सासरी जाईल.

तुझं पत्र काल मिळालं. रविवारी डॉक्टरांच्या सभेत तू तिचा दाखला वाचणार म्हणतोस. त्याआधी मला काही विचारायचं आहे.

तुझं हेपॅरिन रक्त गोठू देत नाही, हे मला मान्य. काचनळीत रक्त घेऊन त्यात मी दोन थेंब टाकून पाहिले. तासाभरानेही ते पातळच. पण झालेली गुठळी ते विरघळवत नाही, हे तूच लिहिलंस. विरघळवणारं द्रव्य शरीराचं स्वतःचं. मग हेपॅरिन त्या द्रव्याला हात देतं, की आड येतं? जुलैत विचारलं तेव्हा ‘अजून निश्चित नाही’ एवढंच उत्तर आलं. आता लिहितोस, हात देतं. आणि पुरावा काय, तर आपल्या बहिणीचा पाय! दोन महिन्यांत एवढी खात्री कुठून आली?

ते कोणत्या जनावराच्या यकृतातून काढतात, हेही विचारलं होतं. त्याला तर उत्तरच नाही. गाईचं म्हटलं तर सुमेधाने नकार दिला असता म्हणून गप्प राहिलास, की आणखी काही?

असो. त्या दिवसांची हकिगत मी तुला नीट कळवलेली नाही.

बाळंतपणाला दहा दिवस झाले होते. डावा पाय मांडीपर्यंत सुजून पांढरा, तकतकीत. हेपॅरिनची बाटली आली, सोबत तुझी चिठ्ठी: ‘दादा, उशीर करू नकोस. निरीक्षणं रोज लिहून ठेव.’ मला दुसरंच वाक्य दिसलं. वाटलं, याला बहीण नकोय, पहिला रोगी हवाय.

बिरवाडीची ठमाबाई सुईण शेक द्यायला बसली होती. मी टोचायची पिचकारी भरली तशी म्हणाली, “डॉक्टर, ही मुंबयची बाटली नाय.”

“तू तुझं काम बघ.”

“मी बघतेच हाय,” ती म्हणाली.

अवधूत, पिचकारीत मिठाचं पाणी होतं. टोचत होतो ते अकराही दिवस. तपासायला काढलेले दोन थेंब सोडले, तर तुझी बाटली कुलपातच होती, अजून तिथेच आहे.

ताप, सूज, मांडीचा घेर, तुला पाठवलेल्या तक्त्यातलं सगळं मोजून लिहिलेलं आहे. औषधाचा रकाना तेवढा खोटा. गुठळी विरली, की रक्ताने शेजारून वाट काढली, मला माहीत नाही. जे केलं ते तिच्या शरीराने केलं. आणि गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर? तर तुझ्या औषधाला दोष द्यायचा, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. तू विलायतेला शिकून आलास, मी इथेच राहिलो. एवढंच पुरलं मला.

हे मी झाकूनच ठेवलं असतं. पण तुझ्या पत्राच्या शेवटी आहे: ‘सुमेधाला एवढी मात्रा सोसली, म्हणून वॉर्डातल्या बाईला सोमवारपासून दुप्पट देतो.’ अरे, ती मात्रा सुमेधाच्या अंगात गेलेलीच नाही! त्या बाईला रक्तस्राव झाला, तर तो माझ्या रकान्यामुळे होईल.

आज सकाळी सुमेधाला सांगितलं. बाळ तिच्या मांडीवर होतं. तिने त्याचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, “माझ्या अंगात काय जातंय ते ठमाबाईला ठाऊक होतं, मला नव्हतं.” मी काही बोलणार तोच म्हणाली, “आधी अवधूतला कळव. माझ्याशी नंतर बोल.”

टपालावर माझा भरवसा नाही, आणि एवढं सगळं तारेत मावणार नाही. उमरठचा सहदेव मुंबईच्या गिरणीत कामावर रुजू व्हायला आजच निघतोय, तो हे तुझ्या हातात देईल. वाचलंस की लगेच तार कर: ‘मात्रा थांबवली.’ मला काय म्हणायचं ते सवडीने म्हण.

आजवर प्रत्येक पत्राखाली ‘तुझा दादा’ लिहिलं. आज नुसतं नाव लिहितो.

दत्तात्रय