राहिलेला स्लॅश

३ मार्च
आजपासून हॉस्पिटलचे सगळे पासवर्ड माझ्या शिस्तीत! नव्या सॉफ्टवेअरच्या तिजोरीत प्रत्येक पासवर्डला पत्ता असतो. कोणी कुठल्या पत्त्यावर जायचं, तो नियम मी लिहितो. साठा मोजणाऱ्या बाहेरच्या कंपनीला फक्त 'औषध/' हा कप्पा वाचायला द्यायचा होता. मी लिहिलं, औषध*. स्टार म्हणजे पुढचं सगळं. एका ओळीत काम फत्ते. नेटवर्कवाल्या ताई म्हणाल्या, अहो, स्टारच्या आधीचा स्लॅश राहिला, अशाने 'औषधपंप' हा कप्पापण उघडेल. पंप म्हणजे खाटेशेजारी थेंबथेंब औषध सोडणारी यंत्रं; त्यांचा पासवर्ड त्या कप्प्यात असतो. तिकडे कोण कशाला कडमडायला जातंय? ताईंना खुसपट काढायची सवयच आहे.

५ मार्च, स. ११.१०
लॉग पाहिला, म्हणजे कोणी काय उघडलं त्याची नोंद. कंपनीच्या खात्याने औषधपंप उघडलाय. एकतीस वेळा. कष्टाळू दिसतात. आत्ता स्लॅश घातला तर ताईंचं खरं केल्यासारखं होईल. सोमवारी घालू.

६ मार्च
सासरे आमच्याच हॉस्पिटलात अॅडमिट. खाट नंबर चौदा, पंप लावलाय. बायकोला ऐटीत सांगितलं, इथली सिक्युरिटी माझ्या हातात आहे. सांगताना पंपाचा आकडा दोनदा पाहून घेतला. सहजच.

७ मार्च, दु. ४.२०
सिस्टर म्हणाल्या, चौदाच्या पंपाचा वेगाचा आकडा आपोआप चारचा सहा झाला होता, मी खाली आणला. म्हटलं, कुणाचं तरी कोपर लागलं असेल. त्यांनी विचारलं, कुणाचं? पेशंट सोडला तर खोलीत मी एकटीच होते आणि तीही दारात. माझा जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी नेला. भीती वाटतेय. उगाचच.

८ मार्च, स. ९.०५
स्लॅश घातला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, नियोजित सुधारणा. सुटलो एकदाचा.

स. १०.४०
सुटलो नाही. ताई धावत आल्या. म्हणाल्या, रस्ता आज बंद केलात, पण पासवर्ड तर ते केव्हाच वाचून घेऊन गेले, तो बदललात का? नाही बदलला. सुचलंच नाही. सगळ्या पंपांना तो एकच आहे, आणि तो असला की आकडा बाहेरूनही बदलता येतो. चौदाचा आकडा बारावर गेलाय.

दु. १.००
सगळे पंप बंद केलेत. सिस्टर घड्याळ बघून थेंब मोजताहेत. सासरे हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत. बायकोने विचारलं, कुणी केलं हे? मी म्हणालो, बाहेरच्या कंपनीने. ताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी कागदावर औषध* लिहून तो माझ्यापुढे धरला.