कापसाच्या बंडीवरचा माणूस

अमरावती,
ता. १२ नोव्हेंबर १९६१

तीर्थस्वरूप श्रावणदादा यांस देवमनचा सविनय जयभीम.

तुमची प्रकृती, वहिनींचे गुडघे आणि चांदूर बाजारची हवा हे सगळं उत्तम आहे असं धरून चालतो. (धरूनच चालावं लागतं, कारण तुम्ही उत्तर टाकत नाही.) इकडे पोरं मजेत आहेत. तुमची बहीण भागीरथाही मजेत आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. वरणात मीठ घालायला विसरते, आणि आपण विसरणार आहोत हे तिला आधीपासून माहीत असतं. याला कारण तुमचा धाकटा भाऊ मोतीराम, जो सध्या कापूस वेचणीचं निमित्त काढून तुमच्या घरी येऊन बसला आहे. त्याने तिकडे काय काय सांगितलं असेल देव जाणे. खरं काय घडलं ते मी थोडक्यात लिहितो. मी तहसील कचेरीतला माणूस आहे, पाल्हाळ मला जमत नाही.

तुम्हाला आमची बैठक ठाऊक नाही, म्हणून मुळापासून सुरू करतो. नत्थुजींच्या सायकल दुकानाच्या ओट्यावर रोज संध्याकाळी आम्ही चौघं 'कापसाची बंडी' हा खेळ खेळायचो. मी, मोतीराम, स्वतः नत्थुजी आणि खुशालराव. (खुशालरावांची संत्र्याची बाग आहे, पण हरले की तोंड लिंबासारखं करतात.) पुठ्ठ्याचा पट असतो, त्यावर शेतापासून सरकी काढणाऱ्या जिनापर्यंत वाट काढलेली असते, आणि फासा टाकत टाकत कापूस भरलेली बंडी त्या वाटेने न्यायची असते. कुठे चाक फसतं, कुठे बैल बसतो, आणि एवढं सोसून जिनाच्या दारात पोचावं तर तिथे भाव पाडायला अडत्या टपलेला. तिघं बंडीवाले आणि चौथा अडत्या. चौथा नसला की खेळच नाही. आमचा अडत्या कायमचा मोतीराम. इतका पाजी अडत्या उभ्या वऱ्हाडात सापडायचा नाही, हे भांडण चालू असतानाही मी कबूल करतो. चिंचोक्यांसाठी तो धडधाकट माणसाला रडवतो.

हा खेळ अकोल्याची एक कंपनी काढते. मालकांचं नाव डोमाजी. आमच्यापैकी एकानेही त्यांना पाहिलेलं नव्हतं, तरी ती कंपनी आपली घरची आहे अशी आमची समजूत होती. जुन्या डब्यावर बैलबंडीचं चित्र होतं. त्यातल्या डाव्या बैलाचं शिंग छापताना अर्धं राहून गेलं होतं, आणि ते मुद्दाम तसं ठेवलं आहे, डोमाजींना मोडक्या जनावराचीही कदर आहे, असं नत्थुजी येणाऱ्या-जाणाऱ्याला पंक्चर काढता काढता ऐकवायचे. असा डबा, दादा! तो वापरून वापरून पार चिंध्या झाला, म्हणून मोतीरामने हौसेने नवा आणला. आम्ही कागद सोडवला आणि पाहतो तर काय! बैल नाहीत. बंडी नाही. त्या जागी एक गोरापान, भांग पाडलेला, मिशी कोरलेला तरुण पांढरंशुभ्र बनियान घालून हसतो आहे, आणि खाली लिहिलं आहे, 'कापसाची बंडी : ऐटबाज पुरुषांची पसंती'.

आत पट तोच, फासा तोच, वाट तीच. पण आत काय आहे हे कोण पाहतं? मी तिथल्या तिथे जाहीर केलं की कंपनी विकली गेली, डोमाजींनी आपल्यासारख्या जुन्या गिऱ्हाइकांना वाऱ्यावर सोडलं आणि शहरी शौकिनांच्या मागे लागले. खुशालरावांचं म्हणणं पडलं की तो तरुण हाच बंडीवाला आहे, बैल चरायला सोडून तो अंमळ घाम वाळवत उभा आहे. आणि आमचे मोतीराम! ते म्हणाले, हे जाहिरातशास्त्र आहे, ते आपल्याला कळायचं नाही. बंडी दाखवायचीच नाही, म्हणजे माणूस बंडी शोधायला डबा उघडतो. डोमाजी फार पोचलेला माणूस आहे. शास्त्र हा शब्द त्याने माझ्याकडे बघून काढला. मी मॅट्रिकला बसलेला माणूस (निकालाचं इथे काही काम नाही), मला राहवलं नाही. मी म्हणालो, ज्याला त्या बनियानवाल्याचा एवढा पुळका आहे त्याने या ओट्यावर पाय ठेवू नये. ओटा नत्थुजींचा होता हे मला मागाहून आठवलं. तोवर मोतीराम डबा काखेत मारून निघून गेला होता.

तेव्हापासून आमच्या संध्याकाळी फुकट चालल्या आहेत. जुन्या चिंध्या मांडून तिघांत खेळून पाहिलं. नत्थुजी बंडीवालाही झाले आणि अडत्याही झाले, स्वतःचाच भाव पाडला, आणि मग स्वतःवरच इतके चिडले की दुकान लवकर बंद करून घरी गेले. त्यामुळे शेवटी असं ठरलं की कोणीतरी अकोल्याला जाऊन डोमाजींना जाब विचारावा. नवा डबा कोणीही घ्यायचा नाही अशी शपथही झाली. जाणारा कोण हे सांगायला नकोच.

बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली. मूर्तिजापूरपर्यंत मी मनात भाषण रचलं आणि तिथून पुढे ते विसरत गेलो. अकोल्यात ताजनापेठेत कंपनीचं ऑफिस सापडलं. मोठी पेढी असेल असं वाटलं होतं. एक खोली, त्यात छतापर्यंत डबे, आणि डब्यांच्या खिंडीत बसून स्वतः डोमाजी पोहे खात होते. मी बाणेदारपणे विचारलं की या चित्रामागे आपलं धोरण काय? त्यांनी बशी खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला.

"कायचं धोरन घेऊन बसले, बाप्पा! पुन्याच्या चित्रकाराले म्या लिहून पाठवलं का नवा डबा काढा, नाव कापसाची बंडी. आता आपल्याकडं बंडी म्हनजे बैल जुंपाची. तिकडं म्हने बंडी अंगात घालतात!"

दादा, मी मटकन डब्यावरच बसलो. पुण्याच्या त्या भल्या माणसाने कापसाची बंडी म्हणजे सुती बंडी धरली, तिला शोभेल असा नट काढला आणि वर पदरची ओळही जोडून दिली. सगळे डबे छापून आल्यावर डोमाजींनी पाहिलं. फेकता येईनात म्हणून बाजारात सोडले, तर मेले हातोहात खपले! धारणीचा एक व्यापारी तर जीप भरून घेऊन गेला. तिकडे लोक बनियान समजून घेतात, घरी जाऊन उघडतात, आतून पट निघतो, तो अंगात जात नाही म्हणून नाइलाजाने खेळायला बसतात आणि मग उठत नाहीत. परत करायला आजवर एकच गृहस्थ आला, तोही छत्तीस नंबर मागायला. आता डोमाजींना रात्रंदिवस एकच घोर, की पुढच्या डब्यावर कोणती चूक करावी. मलाच विचारत होते. मी म्हटलं, विचार करून कळवतो.

तर दादा, असा हा सगळा प्रकार. ना शास्त्र, ना धोरण. मोतीराम साफ चुकला हे सिद्ध झालं आहे आणि मी माझ्या शपथेवर कायम आहे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा नम्र,
देवमन

ता. क. कंपनी विकली गेली असं मी म्हणालो होतो, तेही चुकलंच. पण ते मुद्दाम सांगण्यासारखं नाही.

ता. क. २. निघताना डोमाजींचा चेहरा पाहवेना, म्हणून एक नवा डबा घेतला. भागीरथेला तो ज्वारीच्या कोठीत सापडला. हा कोण, असं तिने विचारलं. बऱ्याच दिवसांनी बोलली, म्हणून बरं वाटलं. खुशालरावांनीही एक घेतल्याचं कळतं. नत्थुजींनी दोन.

ता. क. ३. खरं काम हे की मोतीरामला पाठवून द्या. पुण्याच्या चित्रकाराचं त्याला अक्षरही कळू देऊ नका. डोमाजी स्वतः म्हणाले की हे पक्कं जाहिरातशास्त्र आहे आणि अमरावतीत ते एकट्या मोतीरामने ओळखलं, असं सांगा. मी मान खाली घालून ऐकून घेईन.

ता. क. ४. पाकीट चिकटवता चिकटवता भागीरथा आता सांगते आहे की दादांचा चष्मा पोळ्यापासून फुटलेला आहे आणि आलेली पत्रं त्यांना मोतीरामच वाचून दाखवतो. आधी का नाही सांगितलं म्हटलं, तर म्हणते, बोलत कुठं होते मी? एवढं सगळं पुन्हा लिहायचं त्राण माझ्यात नाही. तर मोत्या, लेका, पहिल्या ओळीपासून तूच वाचून राहिला. आता दादाले पुढचं नको वाचू. तू चुकला, मीबी चुकलो, आन् तुह्याबिगर मले इथं करमत नाई. उद्याची मोटर पकड आन् ये.